मुलांसाठीचा संदेश छापण्याआधी

नोव्हेंबर महिना आला की बडोद्यात शाळांच्या फाटकांवर, सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीबाहेर, अंगणवाड्यांच्या भिंतींवर आणि वॉर्ड ऑफिसांच्या जिन्यांत मुलांच्या संरक्षणाविषयीची भित्तिपत्रके दिसू लागतात. चौदा तारखेचा बालदिन आणि वीस तारखेचा जागतिक बालदिन साधून ती लावली जातात. बहुतेक गुजरातीत, काही हिंदीत, आणि मराठी माध्यमाची शाळा किंवा मराठी मंडळ असेल तिथे थोडीफार मराठीतही असतात. मुलांना मारू नका, मुलांदेखत भांडू नका, व्यसनाने लेकरांचे बालपण करपते, मुलाने काही सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवा, असा त्यांचा आशय असतो. या आशयाशी माझा काही वाद नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच की, ही पत्रके ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यापैकी कोणाला ती छापण्याआधी दाखवली होती का, आणि दाखवली असतील तर वाचणाऱ्याने त्यातून कोणता अर्थ घेतला हे कोणी लिहून ठेवले का? माझ्या पाहण्यात आलेल्या पत्रकांपुरते बोलायचे तर याचे उत्तर नाही असेच आहे. मजकूर एका कार्यालयात लिहिला जातो, दुसऱ्यात मंजूर होतो, तिसरीकडे भाषांतरित होतो, आणि थेट भिंतीवर जातो.

ही केवळ कामातली ढिलाई असती तर मी एवढे लिहिले नसते. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. बालपणी वाट्याला येणाऱ्या छळाविषयीचा, उपेक्षेविषयीचा आणि हिंसेविषयीचा संदेश चुकला, तर तो नुसता वाया जात नाही. तो ज्यांना आधार द्यायला निघाला होता त्यांनाच जखम करू शकतो. म्हणून असा संदेश लोकांत नेण्याआधी त्याची चाचणी घेणे हे तो काढणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याचे आणि संस्थेचे कर्तव्य मानले पाहिजे, आणि चाचणीचा पुरावा नसेल तर छपाईला पैसा मिळता कामा नये.

या विषयाला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून जगभर मान्यता मिळाली ती एका अमेरिकन अभ्यासामुळे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात १९९५ ते १९९७ या काळात कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या सतरा हजारांहून अधिक प्रौढ सभासदांना त्यांच्या बालपणाविषयी विचारण्यात आले. मारहाण, लैंगिक अत्याचार, अपमान, घरातील व्यसन, आईला होणारी मारहाण, घरातील कोणाचा मानसिक आजार, तुरुंगवास अशा अनुभवांची सुरुवातीला सात आणि पुढे दहा गटांत मोजणी झाली. व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा दोन गोष्टींनी वैद्यकविश्व हादरले. निम्म्याहून अधिक लोकांनी असा किमान एक अनुभव सांगितला होता. आणि ज्यांनी चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव सांगितले त्यांच्यात दारूचे व्यसन, अमली पदार्थांचा वापर, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पटींनी जास्त आढळला. हृदयविकार, कर्करोग, यकृताचे आजार यांच्याशीही संबंध दिसला. बालपणीचे दुःख ही कुटुंबाची खाजगी बाब आहे, ती मोठेपणी विसरली जाते, हा समज या अभ्यासाने मोडीत काढला.

मात्र त्या आकड्यांचे पुढे जे झाले ते पाहण्यासारखे आहे. पाहणीतले बहुतेक लोक गोरे, शिकलेले, आरोग्यविमा असलेले होते. दारिद्र्य, जात, दंगल, स्थलांतर यांचा त्या दहा गटांत समावेश नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने इतर देशांसाठी केलेल्या प्रश्नावलीत नंतर सामूहिक हिंसा, वस्तीतली हिंसा आणि मुलामुलांमधली दांडगाई यांचा समावेश केला, आणि संचारबंदीचे दिवस ज्यांच्या बालपणात आले त्या आपल्या जुन्या शहरातल्या माणसांना त्याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हजारो लोकांच्या सरासरीतून निघालेला निष्कर्ष एकेका माणसाच्या कपाळी चिकटवला जाऊ लागला. तुमचा आकडा चार, म्हणजे तुमचे आयुष्य असे जाणार, हे भविष्य सांगितल्यासारखे पसरू लागले. तेव्हा स्वतः अँडा यांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये लेख लिहून बजावले की हा आकडा एका व्यक्तीचे निदान करण्यासाठी नाही, तो तसा वापरणे चूक आहे. मूळ संशोधकावरच असे लिहिण्याची वेळ आली, ती विज्ञान चुकले म्हणून नव्हे. ते लोकांपर्यंत नेताना ज्या शब्दांत नेले गेले त्या शब्दांनी काय होईल, हे आधी कोणी तपासले नव्हते.

आपल्याकडचा सर्वांत मोठा आकडा २००७ चा आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत, त्यांत गुजरात आणि महाराष्ट्रही होते, १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या पाहणीत दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण झाल्याचे सांगितले. कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाचा उल्लेख केला. धोरण आखणाऱ्याला हलवून सोडणारे हे आकडे आहेत आणि ते त्याच्या टेबलावर असलेच पाहिजेत. पण तेच आकडे भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापले तर वाचणाऱ्या बापाच्या मनात काय उमटेल? ‘तीनातली दोन मुले मार खातात’ हे वाचून तो दचकेल, की सगळेच मारतात असे म्हणून निर्धास्त होईल?

हा प्रश्न नुसत्या तर्काने सुटत नाही, आणि जिथे तो प्रयोगाने तपासला गेला तिथले उत्तर काळजीत टाकणारे आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडासाठी राखलेले एक राष्ट्रीय उद्यान आहे. आजवर पुष्कळ पर्यटकांनी इथून लाकडाचे तुकडे उचलून नेले आणि त्यामुळे उद्यानाची रया गेली, असे सांगणारा फलक मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चियाल्डिनी यांनी तिथे लावून पाहिला, तेव्हा चोरी कमी होण्याऐवजी वाढली. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढेच सांगणाऱ्या फलकाने ती कमी झाली. चुकीची गोष्ट किती जण करतात हे सांगताना आपण नकळत ती किती रुळलेली आहे हेही सांगत असतो. मुलांच्या मारहाणीच्या बाबतीत हा धोका मोठा आहे, कारण ‘छडी लागे छमछम’ अजून आपल्या ओठांवर आहे आणि तिच्याविषयी घराघरांत एक प्रकारची मायाही आहे.

भीतीचेही तसेच. कोपऱ्यात गुडघ्यांत डोके घालून बसलेले मूल, भिंतीवर उगारलेल्या हाताची सावली आणि खाली काळ्यावर लाल अक्षरे, हे चित्र आपल्या पत्रकांवर इतके नेहमीचे झाले आहे की त्याला पर्याय असू शकतो हेच आपण विसरलो आहोत. भीती दाखवली की माणूस सुधारतो, हे आपण गृहीत धरतो. आरोग्य-संवादाच्या अभ्यासक किम विटी यांनी १९९२ मध्ये मांडलेले सूत्र याहून सूक्ष्म आहे. धोका मोठा आहे असे पटले आणि त्यावर आपल्या हातात काही उपाय आहे असेही पटले, तर माणूस उपायाकडे वळतो. धोका पटला पण उपाय हाती नसल्यासारखे वाटले, तर तो धोक्याकडेच पाठ फिरवतो, सांगणाऱ्याला खोटे ठरवतो किंवा विषय टाळतो. म्हणजे घाबरवून सोडणारे पत्रक जितके प्रभावी, तितके ते उपाय न सांगता सोडून देणे अधिक घातक.

अमेरिकेतलेच आणखी एक उदाहरण थोड्या तपशिलाने सांगितले पाहिजे. किशोरवयीन मुलांनी अमली पदार्थांपासून दूर राहावे म्हणून १९९८ ते २००४ या काळात तिथल्या संघ-सरकारने सुमारे शंभर कोटी डॉलर खर्चून दूरचित्रवाणी, रेडिओ आणि छापील माध्यमांतून राष्ट्रीय मोहीम चालवली. तिचे स्वतंत्र मूल्यमापन रॉबर्ट हॉर्निक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. मोहिमेमुळे गांजाचा वापर कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट ज्या मुलांनी जाहिराती जास्त पाहिल्या त्यांच्यापैकी काहींचा कल पुढे गांजाकडे अधिक झुकल्याची चिन्हे दिसली. त्यामागचे एक संभाव्य कारण असे मांडले गेले की, एवढा सतत भडिमार पाहून मुलांनी मनाशी ताडले असावे की आपल्या वयाची बरीच मुले हे करत असणार. या मोहिमेतल्या एकेका जाहिरातीची प्रसारणापूर्वी मुलांवर चाचणीही होत असे. तरीही असे झाले, यावरून मी चाचणी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढत नाही. एखादी जाहिरात पाहून लगेच विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर आणि वर्षभर तोच सूर कानांवर पडल्यावर मनात बसलेला समज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून चाचणी छपाईपाशी थांबून चालत नाही. पत्रक लागल्यावरही ती चालू ठेवावी लागते, आणि त्या मूल्यमापनात झाली तशी हानीची शक्यता धरून मोजावे लागते.

हे सगळे दूरदेशीचे वाटेल म्हणून इथला एक अनुभव सांगते. एका संस्थेने छापायला देण्याआधी मराठी शुद्धलेखन तपासून देण्यासाठी माझ्याकडे एक पत्रक पाठवले होते. त्यावर तेच कोपऱ्यातले मूल होते आणि मजकूर होता, ‘तुमच्या मारामुळे मुलाच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो.’ खाली १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक. शुद्धलेखनाची त्यात एकही चूक नव्हती. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. तिळगूळ वाटून झाल्यावर मी ते पत्रक सतरंजीवर ठेवले आणि, काही न सांगता, यात काय म्हटले आहे असे वाटते, एवढेच विचारले. एक तरुण आई म्हणाली, “आई तापट आहे म्हणून मूल बिघडलं, असं म्हटलंय.” चित्रात आई कुठेच नव्हती, हात कोणाचा हे ठरवता येत नव्हते. पण तिने तो आईचाच धरला, आणि बाकीच्या कोणालाही त्यात खटकण्यासारखे वाटले नाही. घरातल्या आजी म्हणाल्या, “आम्ही तर मार खाऊनच शहाणे झालो गं. आमचं काय बिघडलं?” तिसऱ्या वहिनी बराच वेळ पत्रक हातात धरून होत्या. “कायमचा म्हणजे आता काही करता येत नाही ना? माझ्या मोठ्याला मी फार मारलंय हो. त्याचं काय करू मग?” असे त्यांनी विचारले आणि आजूबाजूच्या दोघी-तिघींनी लगेच विषय बदलला. सगळ्या उठल्यावर चपला घालता घालता एकीने मला हळूच गाठले. “ताई, तो खालचा नंबर लावला तर घरी कोण येतं? पोलीस येतात का? शेजारी कळतं का?”

ही शास्त्रशुद्ध चाचणी नव्हे, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण शास्त्रशुद्ध चाचणीत काय शोधायचे असते ते या चौघींनी दाखवून दिले. पहिल्या उत्तरात सगळा दोष आईच्या पदरात पडला आणि बाप चित्रातूनच गेला. दुसऱ्या उत्तरात स्वतःच्या अनुभवाने संदेश खोटा ठरला. तिसऱ्यात तो इतका खरा वाटला की पुढची वाटच बंद झाली. आणि ‘कायमचा’ हे तर विज्ञानालाही धरून नाही, कारण एका तरी मोठ्या माणसाशी टिकून राहिलेले विश्वासाचे नाते मुलाला सावरायला मदत करते, हार्वर्ड विद्यापीठाचे बालविकास केंद्र हे गेली कित्येक वर्षे सांगत आले आहे. त्या वहिनींना पत्रकाने हेच सांगायला हवे होते की आजपासून हात आवरलात तरी फरक पडतो, झाल्या गोष्टीबद्दल मुलाशी बोललात तर आणखी पडतो. चौथ्या प्रश्नाला पत्रकात उत्तरच नव्हते. माझ्या मते त्या एका प्रश्नाचे मोल सगळ्या पत्रकाहून जास्त आहे, कारण तो विचारणारी स्त्री मदतीच्या उंबरठ्यापर्यंत आलेली होती.

मग खरी चाचणी कशी असावी? तिची पहिली पायरी खर्चिक नाही. मजकूर वाचायला द्यावा आणि वाचणाऱ्याने तो स्वतःच्या शब्दांत सांगावा. ‘समजले का’ असे विचारू नये, कारण त्याला सगळे होच म्हणतात. चित्रातला माणूस कोण, तो काय करतो आहे, हे वाचून तुम्ही उद्या काय कराल, हे वाचून कोणाला वाईट वाटेल, असे प्रश्न विचारावेत. सासूबाईंसमोर सून बोलणार नाही आणि सुनेसमोर सासूबाई आपली जुनी पद्धत सोडणार नाहीत, तेव्हा दोघींशी वेगळे बोलावे लागेल. पुरुषांना तर मुद्दाम गाठावे लागेल. संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटल्यावर, रविवारी व्यायामशाळेत, गणेश मंडळाच्या बैठकीत. बडोद्याच्या मराठी घरांत आजोबा मराठी वाचतात, नातू गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतो आणि आई व्हॉट्सॲपवर हिंदीतला मजकूर पुढे पाठवते, म्हणून एकाच घरात तोच संदेश तीन भाषांतून पोहोचतो, आणि प्रत्येक भाषेत तो स्वतंत्रपणे तपासावा लागतो. त्यानंतर दोन किंवा तीन मसुदे घेऊन, कोणाला कोणता दाखवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि एका गटाला काहीच दाखवू नये. काही आठवड्यांनी सगळ्या गटांना तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. मारण्याविषयीचे मत बदलले का, मदत मागण्याची तयारी वाढली का, आणि त्याचबरोबर अपराधीपणा, हताशपणा, शेजारच्या ‘तसल्या’ कुटुंबाविषयीची घृणा वाढली का, हेही मोजावे. हा शेवटचा भाग नेहमी गाळला जातो आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत आवश्यक आहे.

मुलांना उद्देशून केलेल्या संदेशांची गोष्ट आणखी नाजूक आहे. लैंगिक अत्याचारापासून बचाव शिकवणाऱ्या पत्रकांवर अजूनही चॉकलेट देणारा अनोळखी माणूस रंगवलेला दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत मात्र वर्षानुवर्षे असे दिसते की मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. चॉकलेटवाला पाहून शिकलेले मूल ओळखीच्या काकांपासून सावध कसे होणार? शाळांतून दिल्या जाणाऱ्या अशा शिक्षणाच्या २४ चाचण्यांचा, वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला. मुलांचे ज्ञान आणि बचावाची कौशल्ये वाढतात असे त्यात आढळले, पण त्यामुळे प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात का, हे सांगण्याइतका पुरावा मिळाला नाही. ज्ञान वाढणे चांगलेच आहे; त्यावर समाधान मानून थांबणे मात्र योग्य नाही, आणि मोठ्यांनी करायचे राखणदारीचे काम आठ वर्षांच्या मुलाच्या शहाणपणावर सोपवून मोकळे होणे त्याहून अयोग्य आहे.

चाचणी घेणाऱ्यांवर आणखी एक जबाबदारी येते आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. अशा विषयावर बोलताना कोणाची तरी जुनी जखम उघडी पडणार, हे धरूनच चालावे लागते. उत्तर देणे ऐच्छिक आहे, मधेच उठून जाता येते, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि बोलायला प्रशिक्षित समुपदेशक त्याच जागी हजर पाहिजे. शिवाय २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. म्हणजे चाचणीच्या बैठकीत कोणी असे काही सांगितले तर ते गुप्त ठेवण्याचे वचन देता येणार नाही, आणि हे सहभागी होणाऱ्याला बोलण्यापूर्वी कळायला हवे. हौशी कार्यकर्त्यांनी उत्साहाने घेतलेल्या चर्चांत हे हमखास राहून जाते. म्हणून हे काम विद्यापीठ आणि सामाजिक संस्था यांनी मिळून, नैतिकता समितीच्या देखरेखीखाली करावे असे माझे मत आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला वेळेचा आणि पैशाचा आहे, आणि तो मला पटत नाही. मुले आज मार खात आहेत, चाचण्या कसल्या घेत बसता, असे कळकळीने विचारणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे. पण ज्या पत्रकाने मार थांबतो की नाही हे ठाऊकच नाही, ते लवकर लावून कोणाचा मार वाचणार? आणि आधी करून पाहायचे, मग पसरवायचे ही रीत बडोद्याला परकी नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची सुरुवात १८९३ मध्ये अमरेली भागातल्या मोजक्या गावांत केली आणि तिथला अनुभव पदरी आल्यावर १९०६ मध्ये ती संपूर्ण राज्याला लागू केली. अंगणवाडीची योजना १९७५ मध्ये देशभर एकदम आली नाही. ती ३३ प्रकल्पांत प्रथम राबवली गेली आणि त्यांतला एक तेव्हाच्या बडोदे जिल्ह्यातल्या छोटा उदेपूरचा होता. संदेशाच्या चाचणीचे तर याहून नेमके उदाहरण शेजारच्या खेडा जिल्ह्यात आहे. पीज गावच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपकावरून १९७५ पासून दहा वर्षे चाललेल्या खेडा संवाद प्रकल्पात इस्रोच्या अहमदाबाद केंद्राचे निर्माते आणि समाजशास्त्रज्ञ गावांत जाऊन आधी लोकांची गरज समजून घेत, कार्यक्रम बनवताना तो प्रेक्षकांवर तपासत आणि दाखवल्यावर पुन्हा परिणाम पाहत. दारू, शोषण, अस्पृश्यता यांसारखे विषय त्यांनी असेच हाताळले आणि १९८४ मध्ये युनेस्कोचा ग्रामीण संवादासाठीचा पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला. संगणक घरोघरी नसताना जे जमले ते आज जमणार नाही, असे म्हणायला मी तयार नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुटुंब व समाजविज्ञान विद्याशाखेत, जी हंसाबेन मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञान शाखा म्हणून सुरू झाली, मानवी विकासाचा विभाग आहे आणि विस्तार व संवादाचाही आहे. याहून जवळ आणखी काय हवे?

दुसरा आक्षेप गंभीर आहे. लोकांना विचारत बसलात तर लोकांना रुचेल तेच छापाल. कटू सत्य गुळमुळीत होईल. मारहाणीत काही गैर नाही असे बहुमत असेल तर तुम्ही तेही मान्य करणार का? याचे माझे उत्तर असे की, मुलाला मारू नये ही गोष्ट चाचणीला लावलेलीच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे आणि ती बहुमताने सैल होणार नाही. तपासायचे आहे ते इतकेच की ही गोष्ट कोणत्या शब्दांत, कोणाच्या तोंडून, कोणत्या जागी सांगितली तर ऐकणारा ती स्वीकारेल. नुसत्या कायद्याने काम भागत नाही हेही याच शहराने पाहिले आहे. बडोदे संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा केला, मोठ्या संख्येने दंडही वसूल झाले, आणि दंड भरून लग्ने लागतच राहिली. स्वीडनने १९७९ मध्ये आईवडिलांनी मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी आणली तेव्हा त्यासाठी नवी शिक्षा ठेवली नाही. मुले असलेल्या प्रत्येक घरात पुस्तिका पाठवली आणि दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली, म्हणजे न्याहारीच्या टेबलावर ती मुलांनी आणि मोठ्यांनी एकत्र वाचावी. दोन वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक कुटुंबांना कायदा ठाऊक झाला होता. आपली दुधाची पिशवी कापून लगेच टाकून दिली जाते, तेव्हा तीच युक्ती इथे चालेल असे नाही. इथे काय चालेल ते इथेच पाहावे लागेल.

चाचणीतून कधी कधी असेही निष्पन्न होईल की लोकांना संदेश नकोच आहे. मारू नये हे कळते, पण दोन पाळ्यांचे काम, एका खोलीत सहा माणसे, नवऱ्याची दारू आणि मुलाचा अभ्यास यांच्यामध्ये हात कसा आवरावा ते कळत नाही, असे उत्तर आले तर पत्रकाचा पैसा पाळणाघराकडे, समुपदेशकाच्या पगाराकडे, व्यसनमुक्ती केंद्राकडे वळवण्याची तयारी असली पाहिजे. संदेश हा स्वस्त असतो आणि दिसतो, म्हणून खात्यांना तो आवडतो. सेवा महाग असते आणि दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मुलांवरील हिंसा थांबवण्यासाठी सुचवलेल्या सात मार्गांत कायदा, समाजातील रूढ समज, सुरक्षित परिसर, आईवडिलांना मदत, उत्पन्न, उपचार आणि शिक्षण हे सगळे आहे. भित्तिपत्रकाची जागा त्यांतल्या एकाच्या कोपऱ्यात आहे, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

सुरुवात गणेशोत्सवापासून करता येईल. दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत कितीतरी मंडळे दरवर्षी सामाजिक विषयावरचे देखावे उभारतात आणि घरची मुले, आईवडील, आजीआजोबा एकत्र येऊन ते पाहतात. असा श्रोतृवर्ग कोणत्याही कार्यालयाला जमवता येणार नाही. मुलांवरील हिंसेचा विषय घेणाऱ्या मंडळांनी आषाढातच देखाव्याची कच्ची चित्रे आणि निवेदनाचा मजकूर वस्तीतल्या स्त्रिया, पुरुष आणि मोठी मुले यांच्या वेगवेगळ्या छोट्या गटांपुढे ठेवावा, विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यांची उत्तरे नोंदवावीत आणि अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा विचारावे. महापालिका, शिक्षण समिती आणि जिल्हा बालसंरक्षण कक्ष यांनी आपापल्या छपाईच्या निविदेत एक अट घालावी: चाचणीचा अहवाल, कोणाला विचारले, काय विचारले, काय बदलले आणि कोणते दुष्परिणाम दिसले यांसह, जोडल्याशिवाय छपाईचा आदेश निघणार नाही, आणि तो अहवाल गुजराती, मराठी व हिंदीत सर्वांना पाहायला मिळेल. मदतीचा क्रमांक जिथे छापायचा तिथे, तो लावल्यावर कोण बोलते, घरी कोण येते, पोलीस केव्हा येतात आणि नाव कोणाला कळते, हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. १०९८ ची व्यवस्था २०२३ पासून बदलून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली असल्याने आधी संबंधितांनी स्वतः फोन लावून ही उत्तरे घ्यावीत, आणि ती मिळेपर्यंत पत्रक छापखान्यात जाऊ देऊ नये.